‘डुक्कर समजून’ : डहाणू-तलासरीतली शिकार आणि शिकारीबद्दलचं आपलं बोलणं

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की ही व्याख्यानमाला साहित्याची आणि कलेची, मग तिथे रानडुकराची शिकार आणि बंदुका कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की शिकार करणारी माणसं थोडी असतात, पण शिकारीबद्दल बोलणारी, लिहिणारी, चित्रं काढणारी आणि कायदे करणारी माणसं पुष्कळ असतात. आज आम्ही या दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे शिकारीबद्दलच्या बोलण्याची समीक्षा करणार आहोत. आणि ती का करायची, तर त्या बोलण्यात एक मोठी जागा रिकामी राहिली आहे आणि त्या रिकाम्या जागेत माणसं मरतात.

सुरुवात एका बातमीपासून करू. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर तालुक्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. जंगलात त्यांची पांगापांग झाली. त्यांच्यातल्याच एकाने समोर हालचाल दिसली म्हणून गोळी झाडली. ती लागली बरोबरच्या माणसाला. साठीतला माणूस होता. घाबरलेल्या साथीदारांनी पोलिसांना कळवलं नाही, मृतदेह झाडीत लपवला, आणि काही दिवसांनी प्रकरण उघडकीला आलं. कोणाचा गुन्हा किती, हे न्यायालय ठरवील. तो आमचा प्रांत नाही. आमचं लक्ष आहे ते बातमीतल्या दोन शब्दांकडे. मराठी वाचकाला ते पाठ झाले आहेत : ‘डुक्कर समजून’. डुक्कर समजून गोळी झाडली, डुक्कर समजून साथीदाराचा जीव घेतला.

आपल्याकडे ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ अशी म्हण आहे. तिच्यात निदान भुईलाच मार बसतो. ‘डुक्कर समजून’ हा शब्दप्रयोग मात्र फार सोयीचा आहे. ‘समजून’ म्हटलं की चूक डोळ्यांची झाली, अंधाराची झाली, नशिबाची झाली. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. त्या माणसाला डुक्कर ‘समजण्याची’ वेळ का आली, हे कोणी विचारत नाही. दिसल्याशिवाय, ओळखल्याशिवाय चाप ओढावा असं त्याला का वाटलं? बरोबरचे चार जण कुठे उभे आहेत, हे त्याला ठाऊक का नव्हतं? आमच्या आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. शिकारीच्या आपल्या साऱ्या कथनांत शौर्य आहे, परंपरा आहे, बंदुकीचा बोअर आहे, कायद्याचं कलम आहे. नाही ती फक्त ‘ओळख’. म्हणजे समोर कोण आहे, हे नक्की केल्यावरच हात उचलण्याची रीत.

आता ही रिकामी जागा एकेका कथनात पाहू.

पहिलं कथन शिकारकथेचं. इंग्रजांनी रानडुकराची शिकार हा मोठा खेळ करून ठेवला होता. घोड्यावर बसून, हातात भाला घेऊन डुकराचा पाठलाग करायचा. पुढे स्काउट चळवळीमुळे नाव झालेल्या बेडन-पॉवेलने १८८९ मध्ये या खेळावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. जिथे घोडा दौडवता येतो अशा मुलखात डुकरावर गोळी घालणं हे त्या मंडळींत हलकं समजलं जाई. का? तर गोळीत खेळ नाही, धोका नाही. म्हणजे नियम होते, आणि काटेकोर होते, पण ते खेळणाऱ्याच्या इभ्रतीसाठी होते. ज्या शेतातून घोडे जायचे त्या शेतकऱ्याचं काय, झुडपातून डुक्कर हुसकायला जे गावकरी धाडले जायचे त्यांचं काय, हे त्या नियमांत कुठे बसत नव्हतं.

आपल्याकडची शिकारकथा याच मुशीतून आली. साहेब गेला, भाला गेला, बंदूक आली, पण सांगण्याची बैठक तीच राहिली. साधारण मांडणी तुम्हालाही तोंडपाठ असेल. रात्र, मचाण, पाचोळ्याचा आवाज, रोखलेला श्वास, दोन चकाकणारे डोळे, आणि मग बार. ही कथा नेहमी बंदुकीच्या मागून सांगितलेली असते. एक डोळा मिटलेला, दुसरा माशीवर. त्या डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच वाचकाला दिसतं. डावीकडे कोण बसलंय, डुकराच्या पलीकडे वाट आहे का, त्या वाटेवरून कोणी येतंय का, हे त्या चौकटीत नाही. वाचताना रंगत येते ती याच अरुंदपणामुळे, आणि प्रत्यक्षात घात होतो तोही याच अरुंदपणामुळे. सगळे लेखक असे नव्हते, हे खरं. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. पुढे त्यांनी बंदूक बाजूला ठेवली, दुर्बीण आणि वही घेतली, आणि त्यांच्या लेखणीतलं रान एकदम रुंद झालं. डोळा माशीवरून उचलला की रानात किती काय असतं, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे कळलं. पण गावागावांत, गप्पांत, मोबाइलवरच्या व्हिडिओंत जी शिकारकथा फिरते, ती अजून जुनीच आहे.

दुसरं कथन बंदुकीच्या बोअरचं. शिकारीच्या गप्पा चालू झाल्या की दहा मिनिटांत त्या हत्यारावर येतात. डुकराला बारा बोअर पुरते का? एलजीचं काडतूस घालावं की एसजीचं? तीनशे पंधराची रायफल असती तर जागेवर बसला असता! या बोलण्याला आधार नाही असं नाही. नर रानडुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याचं कवच असतं. त्याचा मर्मभाग छातीत खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या लगत असतो. तो चुकला तर जनावर जखमी होऊन जाळीत शिरतं, आणि जखमी डुक्कर उलटून मुसंडी मारतं. वर्तमानपत्रवाले निवडणुकीत ज्या ‘मुसंडी’ला मथळ्यात बसवतात, ती मूळची या जनावराची. सुळ्याने मांडी फाटलेला माणूस ज्याने पाहिला असेल, तो तो शब्द जपून वापरील.

मोठ्या बोअरचा हा युक्तिवाद परदेशात फार पुढे गेला आहे. अमेरिकेत साठ लाखांहून जास्त मोकाट डुकरं असल्याचा तिथल्या कृषी खात्याचा अंदाज आहे. टेक्सास राज्याने २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरं मारण्याची मुभा पैसे मोजणाऱ्या हौशी लोकांनाही दिली. २०१९ पासून तिथे खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पॉइंट फोर फोर मॅग्नम हे १९५५ मधलं रिव्हॉल्व्हरचं काडतूस, किंवा २००३ मध्ये आलेलं पॉइंट फाइव्ह हंड्रेड, असल्या दणकट पिस्तुलांनी डुक्कर पाडणं हा तिथे एक हौसेचा प्रकार आहे. आपल्याकडे ते व्हिडिओ बघून हळहळणारे लोक आहेत : आपल्याला असं काही मिळत नाही! मिळत नाही हे बरंच आहे. भारतात पॉइंट थ्री झिरो थ्री हा बोअर सामान्य माणसाला निषिद्ध आहे. कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट थर्टी टू रिव्हॉल्व्हर परवान्यावर मिळतं, तेही स्वसंरक्षणासाठी, शिकारीसाठी नव्हे.

पण मुद्दा मिळण्या-न मिळण्याचा नाही. तिकडची डुकरं माणसांनी नेलेली आणि मोकाट झालेली आहेत. आपलं रानडुक्कर इथलं मूळचं आहे, बिबट्याचं भक्ष्य आहे. तिकडे मैलोन्‌मैल कुंपण घातलेली कुरणं आहेत. इकडे डहाणू-तलासरीत पाडा, वाडी, ओहोळ, जंगलाची पट्टी, पुन्हा पाडा अशी सरमिसळ आहे. रायफलची गोळी नेम चुकला म्हणून थांबत नाही, ती किलोमीटरच्या पुढे जाते. तीनशे मीटरवर कोणाचं तरी अंगण असताना मोठा बोअर म्हणजे मोठी चूक, एवढाच हिशोब.

आणि गंमत अशी, की ज्या देशात बंदुकांचं एवढं वेड, तिथल्याच जेफ कूपर या नेमबाजीच्या शिक्षकाने बंदूक हाताळण्याचे चार नियम रूढ केले, आणि त्यातला चौथा नियम बोअरबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्याचा आशय असा : लक्ष्य काय आहे याची खात्री करा, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे याचीही. तिथल्या अनेक राज्यांत रायफलने हरणाची शिकार करताना झगझगीत केशरी जाकीट घालावं लागतं. हरणाला तो रंग वेगळा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. म्हणजे आपल्या हौशी मंडळींनी तिकडून उचलला तो बोअर. उचलायचं होतं ते जाकीट, आणि तो चौथा नियम.

तिसरं कथन आपल्या अगदी घरातलं : वारली चित्राचं. रानडुक्कर आणि डहाणू म्हटलं की शहरातल्या रसिकाच्या डोळ्यांसमोर तेच येतं. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, धनुष्य ताणलेली माणसं, कुत्री, आणि पाठीवर राठ केसांच्या आखूड रेघा असलेलं डुक्कर. मुळात ही चित्रं लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी काढत. चौक, त्यात पालघट देवी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणि रंग पाड्यांवर नेले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज ते चित्र विमानतळावर आहे, चहाच्या कपावर आहे, सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवरही आहे.

या चित्रांवर आपण जी समीक्षा लिहितो, तिच्याबद्दल आमची एक तक्रार आहे. शिकारीचं चित्र आलं की समीक्षक ठरलेलं वाक्य टाकतो : आदिवासींचं निसर्गाशी एकरूप जीवन. संपलं. त्या वाक्यामुळे चित्रातला शिकारी कायमचा भूतकाळात जाऊन बसतो. वारली चित्रात आज आगगाडी आली, विमान आलं, मोटार आली. शिकारीच्या चित्रात बंदूक मात्र आम्हाला सहसा दिसली नाही. घेणाऱ्याला धनुष्यच हवं असतं. म्हणजे भिंतीवरच्या शिकारीचं कौतुक करायचं आणि रानातल्या शिकाऱ्याला अटक झाली की ‘हे लोक सुधारणार नाहीत’ म्हणायचं, हे एकाच दिवाणखान्यात चालतं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, की या मुलखातला वारली निसर्गाशी एकरूप वगैरे होऊन सुखाने बसला नव्हता. वेठ आणि लग्नगडीपणाच्या गुलामगिरीविरुद्ध १९४५ मध्ये तो उठला. त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून इथल्या सामान्य माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवायची मुभा नव्हती. ज्या समाजाने बंदुकीचं पुढचं तोंडच जास्त पाहिलं, त्याच्या शिकारीच्या चित्रात धनुष्य आहे, याला नुसती ‘आदिम लय’ म्हणून कसं चालेल?

पण समीक्षा बाजूला ठेवून चित्राकडे नीट पाहिलं, तर आम्हाला त्यात असं काही दिसतं, जे शिकारकथेतही नाही आणि बोअरच्या गप्पांतही नाही. वारली चित्र एका जागी उभं राहून काढलेलं नसतं. त्यात जवळचं मोठं आणि लांबचं लहान असा प्रकार नाही. सगळं रान एकदम, जणू वरून आणि चहूबाजूंनी पाहिलेलं. धनुष्य ताणलेला माणूस दिसतो, झाडामागचा दिसतो, हाकारे घालणारे दिसतात, कुत्री दिसतात, पलीकडे मोळी घेऊन जाणारी बाई दिसते, आणि या सगळ्यांच्या मधे डुक्कर दिसतं. म्हणजे कोण कुठे आहे, हे चित्राला ठाऊक असतं.

आमचं म्हणणं असं नाही, की चित्रकाराने सुरक्षिततेचा तक्ता काढला. पण सामूहिक शिकार ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली, त्याच्या नजरेत हे बसलेलं असावं, असं मानायला जागा आहे. हाका घालून शिकार करायची तर कोण कुठल्या नाळीत उभा, कोण कुठून येणार, हे ठरल्याशिवाय ती होतच नाही. शिवाय धनुष्याची एक अट असते. त्याला जवळ जावं लागतं. पंधरा-वीस पावलांवर जनावर आणि माणूस यांत गफलत होणं अवघड. बंदुकीने ही अट काढून टाकली. ओळख पटण्याचं अंतर होतं तेवढंच राहिलं, मारण्याचं अंतर मात्र कितीतरी लांब गेलं. या दोन अंतरांच्या मधली जी पट्टी, तीच ‘डुक्कर समजून’ची जागा. बोअर जितका मोठा, तितकी ती पट्टी रुंद.

चौथं कथन कायद्याचं. कायदाही एक मजकूर आहे, तेव्हा त्याचीही समीक्षा करता येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पण त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात एक दार आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका असेल, तर वनखात्याचा अधिकारी लेखी कारण देऊन डुक्कर मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये नीलगाय आणि रानडुकरासाठी ही परवानगी सोपी करणारा आदेश काढला. पुढच्या वर्षी चंद्रपूरला ५३ रानडुकरं मारली म्हणून मनेका गांधींनी जाहीर टीका केली, आणि दोन केंद्रीय मंत्र्यांमधलं ते भांडण देशभर गाजलं. तुम्हाला आठवत असेल. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार थेट ग्रामपंचायतींपर्यंत नेला.

म्हणजे दार आहे. पण ते कोणासाठी आहे ते बघा. मारायचं तर बंदुकीचा परवाना हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, पण वनजमिनीचा दीड-दोन एकराचा पट्टा कसणाऱ्या माणसाला अर्ज, पोलीस चौकशी, नूतनीकरण हे सगळं किती झेपणार? बरं, परवानगी मिळाली, डुक्कर पडलं, तर ते कोणाचं? कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे ते सरकारी मालमत्ता. वनहक्क कायदा २००६ चा. त्याने मध, डिंक, तेंदू, मासे, चराई असे कितीतरी पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. आता तलासरीच्या पूर्वेकडच्या एखाद्या पाड्यावर उभं राहून विचार करा. खरिपात भात, नागली, वरई. नंतर वाल, थोडा भाजीपाला. कळप एका रात्री येतो, खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. राखणदार रात्रभर डबा बडवत बसतो. त्या माणसाला कायदा सांगतो : भरपाईसाठी अर्ज कर, पंचनाम्याची वाट पाहा, आणि मारलंच तर खाऊ नकोस.

मग काय होतं? शिकार थांबत नाही, फक्त रात्रीत शिरते. कुठे क्लचच्या तारेचा फास लागतो, कुठे कुंपणात चोरून वीज सोडली जाते, कुठे कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवला जातो. फास, वीज, बॉम्ब यांना तर ओळख हा प्रकारच नाही. बिबट्या, गाय, शेजाऱ्याचं पोर, जो येईल तो. आणि जे बंदूक घेऊन जातात ते अंधारात जातात, दबक्या पावलांनी, एकमेकांना हाक न मारता, बॅटरी विझवून. डुकराला दिसतं कमी, पण वास आणि आवाज पक्का लागतो, म्हणून गप्प राहायचंच. त्यात वनरक्षकाच्या भीतीने आणखी गप्प. चोरून जाणारा माणूस केशरी जाकीट घालून जाईल कसा? कोण कुठे बसलंय हे ओरडून सांगेल कसा? आणि गोळी लागलीच, तर जखमीला दवाखान्यात नेताना ‘हे कसं झालं’ याचं उत्तर काय देणार? ज्या वेळात जीव वाचू शकतो, तो वेळ घाबरण्यात आणि लपवण्यात जातो. म्हणून आम्ही म्हणतो, की ‘डुक्कर समजून’ ही नुसती डोळ्यांची चूक नाही. हा अंधार अर्धा रात्रीचा आहे आणि अर्धा आपण तयार केलेला आहे.

इथे आमच्यावर दोन आक्षेप येतील. ते आम्ही स्वतःच मांडतो.

पहिला आक्षेप वन्यजीवप्रेमींचा : तुम्ही शिकारीला मोकळीक मागताय. नाही. डहाणूच्या रानात बिबट्या टिकायचा असेल तर रानडुक्कर टिकलं पाहिजे. ते संपलं तर बिबट्या कुत्र्यांमागे आणि बकऱ्यांमागे पाड्यावर येईल. परवानगीच्या नावाखाली बाहेरगावच्या हौशी बंदुकवाल्यांची जत्रा भरली, तर ती आम्हालाही नको. मांस विकायचा बाजार तयार झाला तर पीक वाचवण्याचं निमित्त मागे पडेल आणि रान रिकामं होईल. हा धोका खरा आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : शहरात बसून तुम्ही आम्हाला बंदूक कशी धरायची ते शिकवणार? हाही रास्त आहे. शिकवायचा आव आम्ही आणत नाही. उलट आमचं म्हणणं, की कोण कुठे आहे हे सांभाळून शिकार करण्याची रीत या मुलखाकडे होती, तिच्या खुणा भिंतीवर आहेत. ती मोडली ती बंदूक, बंदी आणि बेपर्वाई या तिघांनी मिळून.

मग करायचं काय? व्याख्यान संपताना उपाय सांगितला नाही तर लोक रागावतात, आणि सांगितला तर हसतात. तरी सांगतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला आणि पैसे पुढच्या पेरणीआधी हातात पडले, तर रात्री रानात जाण्याचं अर्धं कारण जातं. जिथे कळप फारच झाला असेल तिथे मारण्याचा निर्णय ग्रामसभा आणि वनखातं यांनी मिळून, उघडपणे घ्यावा. ठरलेल्या दिवशी, उजेडात, पाड्यावर दवंडी देऊन, कोण कुठे उभा राहणार हे आधी ठरवून. मारलेल्या जनावराचं काय करायचं याचा निर्णयही चोरून न होता उघड व्हावा. आणि चुकून कोणी जखमी झालंच, तर त्याला दवाखान्यात आणणाऱ्या साथीदाराला आपण अडकलो असं वाटू नये, इतका विश्वास पोलीस ठाण्याने आणि वनखात्याने निर्माण करावा. यातलं काहीच नवं शोधायचं नाही. तरतुदी बऱ्याचशा आहेत. त्यांना उजेड दाखवायचा आहे.

आणि आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी काय करायचं? बातमी लिहिणाऱ्याने ‘डुक्कर समजून’ लिहिताना पुढे एक वाक्य आणखी लिहावं : किती अंतरावरून, कुठल्या वेळी, बरोबरचे कुठे होते. शिकारीचा किस्सा सांगणाऱ्याने बोअर सांगण्याआधी पलीकडे काय होतं ते सांगावं. सांगता येत नसेल तर त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि मग तो किस्सा शौर्याचा नाही, नशिबाने वाचल्याचा आहे. वारली चित्रावर लिहिणाऱ्याने ‘एकरूप जीवन’ हे शब्द काही वर्षं तरी वापरू नयेत. त्याऐवजी चित्रातली माणसं मोजावीत.

आम्ही ती मोजून पाहिली. डहाणूला एका चित्रकाराच्या ओसरीवर शिकारीचं एक चित्र होतं, फार मोठं नव्हे, हातभर. धनुष्यवाले पाच, हाकारे आठ, कुत्री तीन, लांब कोपऱ्यात पाणी भरणाऱ्या दोघी. डुक्कर एकच. आम्ही सहज विचारलं, शिकारीच्या चित्रात या पाणी भरणाऱ्या बायका कशाला? तो हसला आणि म्हणाला, “तिथे ओहोळ आहे ना. मग पाण्याला कोणी नसेल का?”

बोरशेतीच्या रानात तेव्हा हाच प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. ‘तिथे कोणी नसेल का?’ एवढा प्रश्न ज्याला पडतो, त्याचा हात चापावर थांबतो. थांबलेला हात ही काही हरलेली शिकार नाही. डुक्कर उद्याही येणार आहे. माणूस येणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.